जिभेचा नवस

आमच्या आईला शिवी दिल्याशिवाय बोलताच यायचं नाही. भात वाढतानासुद्धा "जेव मेले" म्हणायची. दूध उतू गेलं तर दुधाला, गाय वळली नाही तर गाईला, आणि आम्हा दोघी बहिणींना तर उठल्यापासून. "मेले, उन्हं डोक्यावर आली, अजून लोळतेस?" "मुडदा बशिवला तुझा, ते केस विंचर आधी!" "कुठं उलथली होतीस इतका वेळ?" हे असं कागदावर उतरवलं की भयंकर दिसतं. पण रत्नागिरीच्या आमच्या त्या वाडीत सकाळी एखाद्या घरातून अशी हाक ऐकू आली नाही, तर त्या घरात काहीतरी बिनसलंय असं शेजारीपाजारी समजत. मी मोठी, धाकटी माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्यामुळे सगळ्या शिव्या आधी माझ्यावर यायच्या आणि उरलेल्या तिला. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. उलट आईनं नुसत्या नावानं हाक मारली की हातातलं टाकून धावायची, आता काय चुकलं म्हणून.

मी नववीत असतानाची गोष्ट. शाळा सुटल्यावर मैत्रिणीबरोबर मांडवीच्या जेटीवर गेले आणि वेळेचं भान राहिलं नाही. घरी आले तेव्हा आई तुळशीपुढे दिवा लावत होती. हातात काडी पेटलेली. मला बघितलं आणि तिचा पारा चढला. "आलीस कशाला? मर मेले तिकडंच! तुझी तिरडीच बांधली असती म्हणजे सुटले असते!" शेजारच्या घरात आत्या राहायची, बाबांची थोरली बहीण. ती पडवीतून म्हणाली, "अगो, तिन्हीसांजेचं काय बोलतेस? वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो." आईची काडी बोटापर्यंत जळत आली होती. ती झटकून म्हणाली, "म्हणू दे मेल्याला."

मी आणि धाकटी मोरीत जाऊन तोंड दाबून हसलो. वास्तुपुरुषालासुद्धा मेल्या!

त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्या मानेत गाठ सापडली. केस विंचरताना आईच्याच हाताला लागली. तिनं दोनदा चाचपली आणि फणी तशीच केसात ठेवून बाबांना हाक मारायला गेली. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, गाठ हटली नाही, तिच्या खाली आणखी दोन आल्या. मग मुंबई. बाबा कचेरीत कारकून होते, त्यांनी लांब रजा काढली आणि मला घेऊन चुलत्याकडे परळला गेले. आई आली नाही. घरी धाकटी होती, गाय होती, ही कारणं मला तेव्हा पटली. पण आठ महिन्यांत एकदासुद्धा आली नाही. काकू मला न्यायची, आणायची, उलटीचं भांडं धरायची. सुईतून औषध चढवायचे, मानेला लाईट द्यायचे, केस गेले, भुवया गेल्या, वजन एवढं उतरलं की काकू मला एका हातानं उचलून गादीवर ठेवायची. आई पत्र लिहायची. "तब्येतीस जप. देवी सांभाळील." एवढंच. पत्रात एकही मेले नसायचं, पण पत्रात कोण शिव्या देतं, असं मी मनाशी म्हटलं.

मोठे उपचार संपले, गोळ्या तेवढ्या राहिल्या. निघताना डॉक्टर बाबांना म्हणाले, "दर तीन महिन्यांनी दाखवायला आणा. पाच वर्षं नीट गेली तर मग बरी झाली म्हणू. तोवर काही सांगता येत नाही." बाबांनी मान डोलावली. मी शेजारीच उभी होते, पण हे मलाही ऐकू जातंय असं कुणाच्याच तोंडावर दिसत नव्हतं.

गोव्याकडे जाणाऱ्या गाडीनं हातखंब्याला उतरलो आणि तिथून रत्नागिरीची एसटी धरली. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगात आठवीतला फ्रॉक, तोही ढगळ. वाटभर मी एकच विचार करत होते. आता आई दारात येणार, कमरेवर हात ठेवणार आणि ओरडणार, "मेले, हा काय अवतार करून आलीस!" त्यावर मी काय उलट उत्तर देणार तेही ठरवून ठेवलं होतं. आई दारात आली. घरापुढच्या खळ्यातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, माझ्याकडे नीट न बघता म्हणाली, "आलीस बाय? ये, दमली असशील."

बाय! आमच्याकडे चार दिवसांसाठी माहेरी आलेल्या मुलीला बाय म्हणतात. पाहुणीला म्हणतात. मला जन्मात कधी आई बाय म्हणाली नव्हती. मी मरणार हे मला मुंबईत कुणी सांगितलं नाही, ते मला आमच्या खळ्यात कळलं.

मग ते दिवस सुरू झाले. तोंडात फोड, त्यामुळे पेज, तीही बिनमिठाची. पाणी उकळून गार केलेलं, माझा तांब्या वेगळा. शेजारी बांगडा तळायला घेतला की मला ओकारी यायची आणि आत्या त्यांना जाऊन सांगायची, खिडकी लावा. बायका बघायला यायच्या. मला म्हणायच्या, "बरी दिसतेस की!" आणि आत गेल्या की आईशी कुजबुजायच्या. त्यांच्या मुली मात्र खळ्याच्या दगडी गडग्यापलीकडूनच हात हलवायच्या. हा आजार लागतो असं कुणीतरी सांगितलं होतं. रोज सकाळी बाबा माझ्या अंथरुणाशी येऊन उभे राहायचे. मी डोळे मिटून पडलेली असायची. माझी छाती हलते का ते बघायचे आणि मग दात घासायला जायचे. एकदा मी मुद्दाम श्वास रोखून धरला. ते तिथंच मटकन खाली बसले. मला इतकी लाज वाटली की पुन्हा तो चावटपणा केला नाही.

माझी नववीची पुस्तकं आईनं वाडीतल्या एका मुलीला देऊन टाकली होती. मी शाळेचं विचारलं तर बाबा म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी." त्यांनी ज्या आवाजात ते म्हटलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. पुढचं वर्ष येणारच नाही अशा खात्रीनं माणूस तसं बोलतो.

आणि धाकटीला मात्र रोज सगळं मिळत होतं. "मेले, गाईला पाणी कोण दाखवणार, तुझा आजा?" "मुडद्या, दप्तर वाटेत टाकलंस!" आधी माझ्या वाट्याच्या होत्या त्या शिव्याही तिच्याकडे गेल्या. फक्त दिवे लागायच्या वेळेला आईचं तोंड बंद व्हायचं. तेवढा तासभर ती दातांवर दात दाबून वावरायची. मी पडवीत गोधडी घेऊन पडलेली असायची आणि ऐकायची. हेवा कशाचा वाटावा माणसाला! मला शिव्यांचा हेवा वाटायचा. एकदा धाकटी रडत माझ्यापाशी आली, तिला फटका बसला होता. मी म्हटलं, "तुझं बरं आहे. मला तर ती ओरडतसुद्धा नाही." ती नाक पुसत म्हणाली, "तुला कशाला ओरडतील? तू जाणारेस ना."

"कोण म्हणालं?"

"सगळेच," ती म्हणाली आणि बाहेर खेळायला गेली. दहा वर्षांची होती. तिचा काय दोष?

मी ठरवलं की आईकडून एक तरी शिवी काढायचीच. ती मिळाली तर मी जगणार, नाही मिळाली तर नाही. वेडेपणाच होता, पण दिवसभर पडून असलेल्या माणसाला दुसरं काम काय? कुळथाच्या पिठीत मूठभर मीठ घातलं. आईनं एक घास खाल्ला, उठली, दुसरी पिठी केली. गाईला मुद्दाम लाल माठाच्या वाफ्यात सोडलं. आईनं गाय हुसकली आणि मला म्हणाली, "उन्हात उभी राहू नको बाय." पाण्याची कळशी पायरीवरून ढकलून दिली. चिऱ्यांवर आपटून तिला हा एवढा पोचा आला. आई आतून धावत आली, तोंड उघडलं, मिटलं, कळशी उचलली आणि पुन्हा विहिरीवर गेली. विहीर काही जवळ नव्हती. तिच्या पाठीकडे बघून मी जोरजोरात रडले. कळशीबद्दल नव्हे.

मग मी गोळ्या टाकायला लागले. पांढऱ्या गोळ्या, रोज सकाळी दोन, वर्षभर चुकवायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी त्या जिभेखाली धरायची आणि मागीलदारी जाऊन गडग्याच्या चिऱ्यांच्या फटीत सारायची. आता यावर तरी बोलेल! पण तिला कळायलाच अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी ती फटीत आलेलं गवत उपटत होती आणि तिच्या हाताला चिखलात भिजलेल्या गोळ्या लागल्या.

पदरात धरून ती आत आली. माझ्यापुढे पदर पसरला. गोळ्या मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. तिचा जबडा थरथरत होता. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. मी म्हटलं, ओरड. ओरड ना! मी तसं तोंडानंही म्हटलं. आई वळली, न्हाणीत गेली, दार लावलं, आणि आतून चापट मारल्याचे आवाज यायला लागले. मी दार ढकललं. ती दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर मारत होती. ओठ फुटला होता. तोंडातून शब्द नाही, हुंदकासुद्धा नाही. मी ओरडले तेव्हा आत्या धावत आली आणि तिनं तिचे हात धरले.

संध्याकाळी आत्यानं मला तिच्या पडवीत बोलावून घेतलं. म्हणाली, "तुला सांगायचं नव्हतं. पण तू मरशील नि तिला मारशील, म्हणून सांगते." मी मुंबईला गेले त्याच आठवड्यात आई देवीला कौल लावायला गेली होती. आमच्याकडे काही मोठं विचारायचं असलं की देवळात कौल लावतात. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली. आईनं गाऱ्हाण्यात सांगितलं होतं, "माझ्या तोंडानं पोरीला खाल्लं. माझी जीभ तुझ्या पायाशी ठेवते. पोर बरी झाली असं डॉक्टर सांगेल त्या दिवसापर्यंत तिला वावगा शब्द बोलणार नाही. बोलले तर तू तिला नेशील." दोन तास एकही कळी हलेना. गुरवसुद्धा घाबरला. मग उजवी पडली. "मुंबईला का नाही आली तेही विचार," आत्या म्हणाली. "तिथं तुझे हाल बघून तोंडातून काही जाईल, ह्या भीतीनं. आणि तिला काय माहीत, मेला डॉक्टर पाच वर्षं सांगेल म्हणून!"

म्हणजे आईनं मला सोडलं नव्हतं. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. संताप आला. माझा जीव हिनं कुणाला विचारून स्वतःच्या जिभेला बांधला? मला विचारलं होतं? मी म्हटलं असतं, दे गो आई शिव्या, मरायचं असेल तर शिव्या खाऊन मरते. पण संतापाच्या खालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. ती भीती होती. चुकून तिच्या तोंडातून गेलं तर? दोन तास न पडलेली ती कळी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवसापासून मी गोळ्या आईसमोर गिळायला लागले आणि जीभ वर करून दाखवायला लागले. पिठीत मीठ नाही, कळशी नाही. ती भडकेल असं काही करायचं नाही. ती मला सांभाळून बोलायची, मी तिला सांभाळून वागायची. आम्ही दोघी एकाच घरात पाहुण्यांसारख्या राहायला लागलो.

मुंबईच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर बुरोंडीची एक मुलगी होती. माझ्याच वयाची, माझ्याच आजाराची, माझ्या महिनाभर आधी घरी गेलेली. आम्ही कार्डं टाकायचो. तिला केस आले, कुरळे आले, पूर्वी सरळ होते, असं तिनं शेवटच्या कार्डात लिहिलं होतं. पुढचं कार्ड आलं ते तिच्या वडिलांच्या अक्षरात. त्याचा कोपरा फाडलेला होता. तसलं मयताचं कार्ड आमच्याकडे घरात नेत नाहीत, आईनं खळ्यातच वाचलं आणि फाडून टाकलं. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. मी म्हटलं, "तिच्या आईनंही नवस केले होते. मला माहीत आहे. सोमवार धरले होते, अनवाणी चालत होती." आई तुकडे गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्या आईच्या तोंडून काय गेलं असेल कुणाला ठाऊक."

त्यानंतर मी तिच्याशी त्या विषयावर कधी बोलले नाही. काय बोलणार? तिचा हिशोब पक्का होता, आणि त्यात मी जिवंत होते एवढाच पुरावा तिला पुरत होता. दर तीन महिन्यांनी मी आणि बाबा मुंबईला जायचो. डॉक्टर मान चाचपायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, पुढच्या वेळी या." घरी येऊन सांगितलं की आई देवापुढे दिवा लावायची. आनंद असा कुणाला झालाच नाही. पुढचे तीन महिने मिळाले, एवढंच. मी दोन वर्षं उशिरा दहावी झाले. कोपऱ्यातल्या बाकावर बसायची. कुणी मार्क विचारले नाहीत, पास झाली म्हणजे खूप झालं असं सगळ्यांनी धरलं होतं. वर्गातल्या मुलींची लग्नं ठरायला लागली, आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. बाबांचे केस पाच वर्षांत पांढरे झाले. सकाळी माझी छाती बघायची त्यांची सवय गेली नाही. मी वीस वर्षांची झाले तरी दारातून डोकावून जायचे.

आणि एका मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, "आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. बरी झाली मुलगी." बाबा खुर्चीत बसून राहिले. मला आठवतं, मला पहिला विचार आईच्या शिव्यांचा आला.

नवस फेडायला सगळे देवळात गेलो. साडी, खण, नारळ. गुरव म्हातारा झाला होता, त्यानं गाऱ्हाणं घातलं आणि आईला म्हणाला, "पोचला तुझा नवस. जीभ मोकळी झाली." आई रडली. घरी येताना माझी चप्पल तुटली, मी सगळ्यांच्या मागं राहिले. आई थांबली आणि म्हणाली, "सावकाश ये बाय." मी म्हटलं, सवय आहे, जायला वेळ लागेल. आठवडा गेला. महिना गेला. मी उशिरा उठून बघितलं. ताट न घासता ठेवून बघितलं. "राहू दे बाय, मी घासते."

मे महिना आला. आईनं नवं लोणचं घातलं होतं, वर्षाचं, मोठ्या चिनीमातीच्या बरणीत. त्या बरणीला ती आम्हाला हात लावू द्यायची नाही, सावली पडली तरी ओरडायची. दुपारी ती खळ्यात आमसुलांसाठी रातांब्यांची सोलं वाळत घालत होती. धाकटी शेजारी गेली होती. मी फडताळातून बरणी काढली, स्वयंपाकघराच्या मधोमध आणली आणि हातातून सोडली. मुद्दाम सोडली. खोटं कशाला सांगू?

आवाज केवढा झाला! तेल माझ्या पायांवर आलं, फोडी चुलीपर्यंत गेल्या. आणि खळ्यातून आईचा आवाज आला. "फोडलीस ना मेले! हात झडले का तुझे? मुडदा बशिवला तुझा, वर्षाचं लोणचं गो माझं! थांब, आज तंगडंच मोडते तुझं, थांब मेले तिथंच!" आवाज जवळ येत होता. सहा वर्षांत मी तो आवाज असा, सगळाच्या सगळा, माझ्या अंगावर येताना ऐकला नव्हता. मी तेलात उभी राहून हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते.

आई दारात आली. हात रातांब्यांच्या रसानं कोपरापर्यंत लाल, पदर खोचलेला. तोंड उघडं होतं, पुढची शिवी तिथंच होती. तिनं मला बघितलं आणि तोंड मिटलं.

"तू होय," ती म्हणाली. "मला वाटलं, ती."

"लागलं नाही ना, बाय? सर बाजूला. पायात जाईल काहीतरी."

"आई, दे ना," मी म्हटलं. "नवस फिटलाय. मला दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं मी काय मागतेय. तिचे ओठ हलले. मी वाट बघितली.

"नाही गो येत," ती म्हणाली. मग खाली बसून बरणीचे तुकडे वेचायला लागली.

तेवढ्यात धाकटी आली. आईनं मान वळवली. "मेले, चपला बाहेर काढ आधी, सगळीकडे तेल झालंय!" धाकटी चपला काढायला मागं फिरली, आणि मी फडकं आणायला गेले.